शरद ऋतू, परवानगीने

पंचांग काहीही म्हणो, आमच्या नेरूळच्या सोसायटीत शरद ऋतू वार्षिक सर्वसाधारण सभेच्या दुसऱ्या दिवशी सुरू होतो. महाराष्ट्रात गृहनिर्माण संस्थांनी ही सभा ३० सप्टेंबरच्या आत उरकावी असा कायदा आहे. कायदा करणाऱ्यांनी ऋतुचक्राचा अभ्यास केलेला दिसत नाही. पार्किंग, गळती आणि सिंकिंग फंड या तीन विषयांवरून माणसे एकमेकांचा बाप काढून मोकळी होतात आणि तेवढ्यात नवरात्र, दसरा, कोजागिरी, दिवाळी असे प्रेमाने एकत्र येण्याचे सगळे सण ओळीने दारात उभे राहतात. दसऱ्याला ज्याला सोने द्यायचे, त्याने भर सभेत आपल्याला 'डिफॉल्टर' म्हटलेले असते. आपट्याचे पान देताना दोघेही लिफ्टच्या आकड्यांकडे बघत असतात.

यंदा मात्र शरद ऋतूचा रीतसर आनंद घ्यायचा, असे आमच्या घरात ठरले. ठरवले बायकोने. रविवारच्या पुरवणीत तिने शारदीय चांदण्यावरचा एक हळवा लेख वाचला होता.

"अहो, आपण सतराव्या मजल्यावर राहतो. चांदण्याच्या इतकं जवळ कोण राहतं?"

"अठराव्या मजल्यावरचे," मी म्हणालो. त्यावर तिने पुरवणीची घडी घातली. अशी घडी घातली की चर्चा संपली असे समजायचे.

त्यातच टोरांटोच्या पुतण्याने त्याच्या कॉन्डोच्या खिडकीतून काढलेला मेपलच्या झाडांचा फोटो पाठवला. लाल, केशरी, पिवळी पाने. खाली प्रश्न : "काका, तुमच्याकडे ऑटम कसा आहे?" त्याला काय सांगणार? आपल्याकडे पानगळ शिशिरात, जानेवारी-फेब्रुवारीत. ऑक्टोबरमध्ये गळतात ती माणसे. हवामान खात्याच्या २०२०च्या सुधारित वेळापत्रकानुसार मुंबई परिसरातून मोसमी पावसाने निघायची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर आहे. तो गेला की आभाळ मोकळे होते, जमिनीतली ओल वाफ होऊन वर येते, खाडीवरचा वारा दुपार कलल्याशिवाय उठत नाही आणि पारा ३५-३६च्या घरात जाऊन बसतो. कवी ज्याला निरभ्र आकाश म्हणतात ते हेच. फक्त कवी त्याच्याखाली दुपारी दोन वाजता उभे राहिलेले नसावेत.

तरी मी गॅलरीत खुर्ची टाकली. आमची गॅलरी खाडीकडे तोंड करून आहे. फ्लॅट विकताना बिल्डरच्या माणसाने याच गॅलरीतून मला फ्लेमिंगो दाखवले होते, म्हणजे ते जिथे दिसतील ती जागा दाखवली होती. फ्लेमिंगो हिवाळ्याच्या तोंडावर कच्छकडून येतात. तोवर महापालिकेने रस्त्याकडेला उभारलेल्या पुतळ्यांवर भागवायचे. मी डोळे मिटले आणि शारदीय झुळुकीची वाट पाहू लागलो. झुळूक आली. ती खालून आली आणि भलतीच गरम होती. १६०३ने त्यांच्या एसीचे बाहेरचे यंत्र बरोबर माझ्या खुर्चीखाली टांगले होते.

"तुमच्या एसीची गरम हवा आमच्या गॅलरीत येते हो," मी खाली जाऊन नम्रपणे म्हणालो.

"मग दार बंद करून तुम्हीही एसी लावा की."

लावला. आता १८०३ आमच्याशी बोलत नाहीत. त्यांनीही लावला आहे, असे १९०३च्या चेहऱ्यावरून कळते. अशा रीतीने शरदाची ही झुळूक मजल्यामजल्याने अधिकाधिक तापत बाविसाव्या मजल्यापर्यंत जाते. तिथल्यांना तक्रार करायला वर फक्त परमेश्वर आहे आणि तो सोसायटीचा सभासद नाही.

शरदातले दुसरे पारंपरिक सुख म्हणजे कपड्यालत्त्याला ऊन दाखवणे. चार महिन्यांच्या पावसाने कपाटातल्या पट्ट्यावर, बुटांवर आणि माझ्या लग्नातल्या सुटावर हिरवट बुरशी धरली होती. गाद्यांना तर असा वास येत होता की झोपेत आपण भाताच्या खाचरात पडलो आहोत असे वाटावे. मी एक गादी उचलून गॅलरीच्या कठड्यावर टाकली. गादी नीट पसरायच्या आत इंटरकॉम वाजला.

"साहेब, बी-विंगमधनं कम्प्लेंट आलीय. तुमची गादी दिसतेय."

"गादी आहे. दिसणारच."

"इलेव्हेशन बिघडतंय म्हणतात."

बी-विंगच्या इलेव्हेशनवर कबुतरे, कबुतरांच्या जाळ्या, जाळ्यांत अडकलेले पतंग आणि गेल्या दिवाळीचे दोन आकाशकंदील होते. पण ते आधीपासून असल्यामुळे परंपरेत मोडत. माझी गादी नवी होती. टेरेसवर न्यावी म्हटले, तर टेरेसची किल्ली सेक्रेटरींकडे आणि सेक्रेटरी बडोद्याला. शेवटी उशा, रजया आणि दुलया गाडीत कोंबून मी पाम बीच रस्त्यालगतच्या 'ज्वेल ऑफ नवी मुंबई' तलावापाशी गेलो आणि बॉनेटवर, टपावर, डिकीवर सगळा संसार पसरून बाजूला उभा राहिलो. फिरायला आलेल्या मंडळींचा वेग मंदावला.

"काका, ही जयपुरी केवढ्याला?"

"विकायला नाहीये."

"बरं, शेवटचा भाव सांगा."

एका बाईंनी दुलईचा कोपरा बोटांत चोळून पाहिला आणि "आत कापूस नाहीये हो," असे मैत्रिणीला सांगून माझा धंदा बुडवला. घरी आल्यावर बायकोने उन्हात तापलेल्या उशीचा वास घेतला आणि म्हणाली, "बघा, हाच तो शरदाचा वास." मला त्यात किंचित पेट्रोलही आले, पण मी बोललो नाही.

खरा शरदाचा वास फाटकाशी उभा होता. आमच्या गेटवर सातविणीची दोन झाडे आहेत. सप्तपर्णी म्हटले की ती जरा सुसंस्कृत वाटतात. ऑक्टोबरात ही झाडे हिरवट पांढऱ्या फुलांच्या गुच्छांनी लगडतात आणि अंधार पडला की त्यांचा उग्र, गोडसर वास थेट कपाळात जाऊन बसतो. काहींना त्याने धुंद वाटते, काहींचे डोके धरते. आमच्याकडे डोके धरणाऱ्यांचे बहुमत आहे. सोसायटीच्या ग्रुपवर निवेदन आले : "गेटवरील झाडांचा वास रात्री १० नंतर बंद करण्यात यावा." खाली सत्तावीस अंगठे.

प्रकरण सभेत गेले. झाड तोडायला परवानगी लागते, १९७५चा कायदा आहे, हे तिथे कुणीतरी सांगितले. चेअरमन म्हणाले, झाड राहू द्या, नुसती फुले काढून टाका. त्यावर ९०४मधल्या आजी उठल्या. जन्मभर संस्कृत शिकवलेल्या. त्या म्हणाल्या, या झाडाच्या लाकडाच्या पाट्या करत, म्हणून त्याच्या शास्त्रीय नावात 'स्कोलॅरिस' आले. शांतिनिकेतनात पदवीदानाला याचीच पाने देतात. आणि कालिदासाने रघुवंशाच्या चौथ्या सर्गात सांगितले आहे की शरदात रघू दिग्विजयाला निघाला तेव्हा या फुलांचा मदासारखा वास येऊन त्याच्या सैन्यातले हत्ती ईर्ष्येने पिसाळल्यासारखे मद गाळू लागले.

सभागृहात शांतता पसरली. चेअरमननी चष्मा काढला.

"म्हणजे हत्तीलासुद्धा त्रास झाला होता. हे मिनिट्समध्ये घ्या."

आमच्या प्लंबरला या सगळ्या चळवळीचे हसू येते. तो इथलाच, करावे गावचा. सिडको १९७०मध्ये स्थापन झाली आणि त्यांच्या जमिनी घेऊन हे शहर उभे राहिले, तेव्हा त्याचे वडील तरुण होते. बेसिनखालून तोंड बाहेर काढून तो एकदा म्हणाला, "आश्विनात इथं सगळा भात पिवळा होऊन उभा असायचा, बाबा सांगायचे. तुमचं व्हिजिटर पार्किंग आहे ना, त्याच बाजूला."

शेजारी उभे असलेले १७०२ लगेच म्हणाले, "पार्किंगमध्ये? कुणाला विचारून?"

ज्या जमिनीत भात पिकला तिथे आता औषधालाही माती नाही, हे मुलांना किल्ला करायचा झाला तेव्हा कळले. दिवाळी लांब होती, पण परवानगीला वेळ लागतो म्हणून पोरांनी अर्ज आधीच टाकला होता. पोडियमवर फरशी, फरशीवर कृत्रिम गवत आणि गवतावर 'गवतावर चालू नये' अशी पाटी. शेवटी नर्सरीतून लाल मातीच्या पिशव्या विकत आणल्या. गेटवर त्या अडवल्या.

"मटेरियल आहे. गेटपास लागेल. कामाचं स्वरूप काय लिहू?"

"प्रतापगड," माझा मुलगा म्हणाला.

रखवालदाराने फॉर्मवर 'प्रतापगड – सिव्हिल वर्क' असे लिहिले, मजुरांची संख्या चार टाकली आणि काम संध्याकाळी सहाच्या आत बंद करायला सांगितले. अफझलखान दुपारीच आणावा लागणार होता.

पण शरदाची खरी परीक्षा कोजागिरी. या बाबतीत आमच्या सोसायटीचा इतिहास कठीण आहे. २०२३मध्ये २८ ऑक्टोबरला कोजागिरी आली आणि त्याच रात्री खंडग्रास चंद्रग्रहण. ग्रहणाचा स्पर्श मध्यरात्रीनंतर एकच्या सुमारास. चंद्रग्रहणाचे वेध नऊ तास आधी लागतात, म्हणजे दुपारी चार वाजताच. वेधात खायचे-प्यायचे नाही आणि कोजागिरीला दूध तर प्यायचेच. सांस्कृतिक समितीने दोन्ही शास्त्रे सांभाळली. आम्ही दुपारी साडेतीन वाजता, ऑक्टोबरच्या कडक उन्हात, कढत मसाला दूध प्यायलो. दुधात पडायचे ते प्रतिबिंबही पडले, पण ते सूर्याचे होते. दोघांना भोवळ आली.

यंदा ग्रहण नव्हते, त्यामुळे सगळ्या अडचणी आपल्या आपल्यालाच निर्माण करायच्या होत्या. टेरेस आधीच बाद झाले. टेरेसवर गर्दी झाली तर वॉटरप्रूफिंगची हमी जाते, असे सेक्रेटरींचे म्हणणे. वॉटरप्रूफिंगनंतरही बाविसावा मजला गळतोच, असे बाविसाव्या मजल्याचे म्हणणे. मग पोडियम ठरला. नोटीस लागली : 'कोजागिरीनिमित्त दुग्धपान रात्री ९ ते १०.३०. चंद्र पोडियमवरूनच पाहावा. १०.३० नंतर पोडियमवर आढळणाऱ्या सदनिकाधारकांना नियमानुसार रु. ५०० दंड.'

११०२मधल्या निवृत्त प्राध्यापकांनी भौतिकशास्त्र शिकवले होते. त्यांनी नोटीस वाचली आणि दुसऱ्या दिवशी तिच्या शेजारी स्वतःचा तक्ता लावला. पौर्णिमेचा चंद्र सूर्य मावळताना उगवतो, तासाला पंधरा अंश वर सरकतो आणि ऑक्टोबरमध्ये आपल्याकडे मध्यरात्री जवळजवळ डोक्यावर येतो. त्यामुळे पूर्वाभिमुख सदनिकांना चंद्रदर्शन सायंकाळी सात ते दहा. पश्चिमाभिमुख सदनिकांना पहाटे तीन ते सहा. सी-विंगच्या उत्तराभिमुख सदनिकांना : लागू नाही. तिन्ही बाजूंनी टॉवरनी वेढलेल्या पोडियमवर : रात्री पावणेबारा ते साडेबारा.

सी-विंगने ताबडतोब मेंटेनन्समध्ये सूट मागितली. बाकीच्यांच्या लक्षात आले की चंद्राला पावणेबाराच्या आधी सवड नाही आणि सोसायटीला साडेदहानंतर परवानगी नाही.

"तुम्ही वेळ वाढवा," प्राध्यापक म्हणाले.

"एकदा वाढवली की पायंडा पडतो. चंद्र दर महिन्याला येतो," सेक्रेटरी म्हणाले.

"अहो, मध्यरात्री लक्ष्मी फिरते. जो जागा असेल त्याला धन देते," ९०४च्या आजी कळवळल्या. "साडेदहाला सगळ्यांना झोपवलं तर ती देणार कुणाला?"

"येऊ दे ना, कोण नको म्हणतंय? गेटवर ॲपमध्ये नोंद करावी लागेल, कुठल्या फ्लॅटकडे आलीय ती."

तोड निघाली ती अशी, की टेरेसवरच्या सीसीटीव्हीचे तोंड चंद्राकडे वळवायचे आणि तो पोडियमवरच्या टीव्हीवर थेट दाखवायचा. समितीतल्या तरुणांना ही कल्पना फार आवडली, कारण त्यात केबल टाकायची होती.

दुधावर तर वेगळी उपसमिती बसली. वाशीच्या एपीएमसीतल्या मसाला मार्केटमधून बदाम, पिस्ते, चारोळी, वेलदोडे आणि केशर आणायची जबाबदारी माझ्यावर आली. पूर्वी कोजागिरीला दूध म्हटले की दूध आणत. आता ग्रुपवर मागण्या येऊ लागल्या. ५०१ला बिनसाखरेचे. ८०४ला गाईचेच. १२०२ची मुलगी परदेशातून व्हीगन होऊन आली आहे, तिला बदामाचे. १४०१ला लॅक्टोज चालत नाही. २००३ला बदाम चालत नाहीत. एका आजोबांना मसाला चालत नव्हता, दूध पचत नव्हते आणि साखर बंद होती. त्यांना गरम पाणी केशर घालून द्यायचे ठरले. भांडी पाच झाली. पाचांवर पाच चिठ्ठ्या लावल्या. वाफेने सगळ्या चिठ्ठ्या सुटून आत पडल्या. त्यानंतर ज्याला जे मिळाले ते सगळ्यांनी आपलेच समजून मिटक्या मारत घेतले. पथ्य या गोष्टीवरचा माझा विश्वास त्या रात्री उडाला.

टीव्हीवर चंद्रही आला. काळ्या पडद्यावर एक पांढरा ठिपका, वर कोपऱ्यात 'कॅमेरा ०७'. दहा मिनिटांनी त्याच्यासमोर एक कबुतर येऊन बसले आणि झोपले. ८४ कुटुंबे हातात पेले घेऊन झोपलेल्या कबुतराकडे पाहत राहिली. लहान मुलांना तेच ग्रहण वाटले.

बरोबर साडेदहाला सेक्रेटरींनी शिट्टी वाजवली आणि रखवालदाराने निम्मे दिवे मालवले. लोक उठलेही होते. पण दिवे गेल्यावर अंधारातून १६०३चा आवाज आला, "हीच काटकसर लिफ्टच्या कंत्राटात का नाही दिसली?"

मग झाले काय, की सप्टेंबरच्या सभेत वेळेअभावी जे बोलायचे राहून गेले होते ते सगळे बाहेर आले. लिफ्टच्या कंत्राटावरून गाडी सिंकिंग फंडावर गेली, तिथून टँकरवर, टँकरवरून कुणाच्या तरी कुत्र्यावर. १८०३ माझ्यावर एसीवरून तुटून पडले. मी १६०३कडे बोट दाखवले. १६०३ म्हणाले, आमच्याकडे १५०३मधून येते. पंधराव्याने चौदाव्याकडे पाहिले. तळमजल्यापर्यंत पोहोचेस्तोवर सगळ्यांना कळले की इमारतीत एकही निर्दोष झुळूक नाही, आणि १८०३ चक्क हसले. भांडताना घसा कोरडा पडतो, त्यामुळे उरलेले दूध संपले. आजोबांनी केशराचे पाणी संपवून माझे बदामाचे घेतले. सेक्रेटरी एका बाकड्यावर चढून नियम वाचत होते. ते थांबले, कारण त्यांना नियम वाचायला आता टॉर्च लागत नव्हता. सव्वाबारा झाले होते आणि चंद्र तिन्ही विंगच्या मधोमध, थेट त्यांच्या कागदावर आला होता.

"प्रतिबिंब! पेले धरा, पेले धरा!" आजी ओरडल्या. सगळ्यांचे पेले रिकामे होते. १७०२ने बिसलरीची बाटली फोडून पेल्यांत पाणी ओतले. काही न बोलता सगळे ते पाणी प्यायले. मग पुन्हा सिंकिंग फंड.

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरींनी फुटेज तपासले. साडेदहानंतर पोडियमवर ८४ सदनिकाधारक आढळले होते. त्यांत चेअरमन होते, ट्रेझरर होते आणि बाकड्यावर उभे असलेले स्वतः सेक्रेटरीही होते. माणूस तत्त्वाचा. पहिली पावती त्यांनी स्वतःच्या नावे फाडली. एरवी मेंटेनन्ससाठी तीन-तीन स्मरणपत्रे लागणाऱ्या लोकांनी हा दंड रांगेत उभे राहून भरला, आणि ज्यांना त्या रात्री झोप लागली होती ते आपल्यालाही पावती मिळेल का, म्हणून चौकशी करून गेले.

"बघा," ९०४च्या आजी म्हणाल्या, "मी सांगितलं होतं. जागं राहिलं की लक्ष्मी येते." सोसायटीच्या खात्यात एका रात्रीत ४२,००० रुपये जमा झाले होते.

पावतीवरच्या 'दंडाचे कारण' या रकान्यात ऑफिसातल्या मुलीने प्रत्येकाच्या नावापुढे 'चांदणे' असे लिहिले. हिशेब तपासनीस त्यावर अडले. हे चांदणे कोणत्या शीर्षाखाली दाखवायचे, असे त्यांनी लेखी विचारले. ट्रेझररनी दोन दिवस विचार केला आणि ते 'इतर उत्पन्न' मध्ये दाखवले.